होम थिएटरसाठी सबवूफर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक फ्लॅटमध्ये राहणारे, दहा बाय बाराची बेडरूम किंवा बारा बाय अठराचा हॉल असलेले. त्यामुळे उत्तरंही तशाच घरांना धरून आहेत. किमती सतत बदलतात म्हणून त्या दिलेल्या नाहीत.

१. माझ्या टॉवर स्पीकरमध्ये वूफर आहेतच. मग वेगळा सबवूफर कशाला?

सबवूफर म्हणजे फक्त खालचा, जड आवाज (बेस) वाजवणारा स्पीकर. तो दोन कामं करतो. सिनेमाच्या ५.१ चॅनेलच्या आवाजातला तो '.१' म्हणजे एलएफई नावाचा, फक्त खालच्या आवाजांचा स्वतंत्र ट्रॅक. स्फोट, इंजिनांची घरघर, इमारत कोसळल्याचा हादरा असले १२० हर्ट्झच्या खालचे आवाज (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) त्यात असतात आणि बाकीच्या चॅनेलपेक्षा १० डेसिबल जास्त जोरात वाजण्याची सोय त्याला मुद्दाम दिलेली असते. हे पहिलं काम. दुसरं म्हणजे बाकीच्या स्पीकरना न झेपणारा बेस रिसीव्हरकडून (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप) घेऊन तो वाजवणं. अनेकांच्या घरी हे दुसरं कामच जास्त मोलाचं ठरतं, कारण टॉवरवरचा भार हलका झाला की संवाद स्वच्छ ऐकू येतात.

आणखी एक गोष्ट. टॉवर टीव्हीच्या दोन बाजूंनाच ठेवावे लागतात, बेससाठी मात्र ती जागा बऱ्याचदा चुकीची असते. वेगळा सब हवा तिथे हलवता येतो (प्रश्न ६).

२. किती इंची घेऊ? ८, १० की १२?

इंचांआधी खोली मोजा. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करा. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची बंद बेडरूम ११४० घनफूट भरते, तर बारा बाय अठराचा हॉल २०५२. हॉलला उघडं किचन किंवा पॅसेज लागून असेल तर तोही हिशेबात धरा. बेसला मध्ये दार नसलेली सगळी जागा एकच खोली वाटते.

आता इंच. तेवढ्याच जोरात एक सप्तक खालचा आवाज काढायचा, म्हणजे ४० हर्ट्झऐवजी २० वाजवायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून ८ इंची सब छोट्या खोलीत ४० पर्यंत छान वाजतो, पण सिनेमातला पोटात जाणवणारा २०-२५ चा भाग त्याच्या आवाक्याबाहेरच राहतो. १२ इंचीच्या कोनचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट असतं, फरक तिथेच पडतो.

बंद बेडरूमला चांगला १० इंची किंवा सील्ड १२ इंची पुरतो (सील्ड आणि पोर्टेड म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये). हॉलला १२ इंचीच्या खाली जाऊ नका. उघडं किचन आणि डायनिंग जोडलेला मोठा हॉल असेल तर पोर्टेड १२ इंची घ्या, नाहीतर थेट दोनाचा विचार करा (प्रश्न ७). बजेट तोकडं असेल तर घाईने ८ इंची घेण्यापेक्षा चार महिने थांबणं बरं. ८ इंची घेतलेले लोक वर्षभरात तो विकायला काढतात, हे नेहमीचंच आहे.

३. दुकानदार '५००० वॅट पीएमपीओ' म्हणतो. किती वॅट असावेत?

पीएमपीओचा आकडा कोणत्याही ठरलेल्या पद्धतीने मोजलेला नसतो, त्यामुळे तो वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट विचारा. तेही आंधळेपणाने धरू नका, कारण वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. २०० आणि २५० वॅटमधला फरक कानाला जाणवतही नाही.

वॅटपेक्षा कामाचा आकडा म्हणजे सब किती खाली जातो. '२८ हर्ट्झ ते १२० हर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल' असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे. नुसतंच '२० हर्ट्झपासून' छापलं असेल, तर २० ला आवाज उरतो किती हे गुलदस्त्यातच राहतं.

४. सील्ड घ्यावा की पोर्टेड?

सील्ड म्हणजे चारी बाजूंनी बंद बॉक्स. पोर्टेडला भोक किंवा फट असते. सील्डचा आवाज खाली जाताना हळूहळू उतरतो, सप्तकामागे साधारण १२ डेसिबल. पोर्टेड आपल्या ट्यूनिंगपर्यंत (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो तिथपर्यंत) जोरात वाजतो आणि तिथून खाली दुप्पट वेगाने, म्हणजे सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. तेवढ्याच वॅटमध्ये २० ते ३५ हर्ट्झच्या पट्ट्यात जास्त दणका पोर्टेडच देतो. किंमत मोजावी लागते ती जागेत. एसव्हीएस या कंपनीच्या एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो या जोडीत दोघांचेही ड्रायव्हर १२ इंची आणि अँप ३२५ वॅटचे आहेत, पण पोर्टेडचा बॉक्स सील्डच्या दुपटीहून मोठा आहे.

पण निर्णय इथे संपत नाही, कारण परदेशी रिव्ह्यूंमध्ये आपल्या खोल्या नसतात. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात आणि खालचा बेस त्यांतून बऱ्यापैकी निसटतो. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसीचा स्लॅब तो आतच धरून ठेवतात. खोलीच्या सर्वांत खालच्या अनुनादाच्या (भिंतींमध्ये लहर अडकून फुगणारा सूर, प्रश्न ६) खाली बेसला खोलीकडूनच आधार मिळतो आणि खोली जितकी लहान व बंद, तितका हा आधार वरून सुरू होतो. १२ फूट लांबीच्या बेडरूममध्ये तो साधारण ४७ हर्ट्झपासून मिळू लागतो, १८ फुटांच्या हॉलमध्ये ३१ पासून. सील्डचा हळूहळू उतरणारा आवाज या आधाराशी छान जुळतो.

म्हणून बंद बेडरूमला सील्ड आणि उघड्या हॉलला पोर्टेड, असं मी सुचवतो. स्वस्तातल्या पोर्टेडमध्ये मोठ्या आवाजाला पोर्टमधून फुसफुस ऐकू येते. दुकानात व्हॉल्यूम वाढवून हे नक्की तपासा.

५. 'संगीताला सील्ड, सिनेमाला पोर्टेड' हे खरं का?

अर्धंच. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ ची. तबल्याचा डग्गा, पखवाज, ढोलकी ऐकायला दोन्ही प्रकारचे सब पुरेसे आहेत. डग्ग्याचा घुमारा नुसता 'धब्ब' होऊन पसरत असेल, तर दोष बहुतेक वेळा बॉक्सचा नसून जागेचा आणि वाढवून ठेवलेल्या गेनचा (सबवरच्या आवाजाच्या नॉबचा) असतो. आधी प्रश्न ६ आणि ९ मधलं करून बघा.

६. सबवूफर कुठे ठेवायचा? कोपऱ्यात ठेवला तर चालेल ना?

सबवूफर बदलायचा विचार करणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर फक्त त्याची जागा बदलायची असते.

२० हर्ट्झची लहर १७ मीटर लांब असते आणि ८० हर्ट्झची सव्वाचार मीटर. एवढ्या लांब लहरी छोट्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतात. मग काही सूर काही जागी फुगतात, काही जागी गायब होतात. १० फुटांच्या अंतराला हा घोळ ५६ हर्ट्झला होतो, १२ फुटांना ४७ आणि १८ फुटांना ३१ ला. एकाच सोफ्याच्या एका टोकाला दणका आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, हे त्यामुळे घडतं. आपल्या पक्क्या भिंतींमुळे हे चढउतार आणखी तीव्र होतात.

कोपऱ्यात सब सर्वांत जोरात वाजतो हे खरं, पण तिथे खोलीचे सगळे अनुनादही एकदम जागे होतात. मोठ्या हॉलमध्ये छोटा सब असेल तर कोपरा वापरा. नाहीतर ही जुनी युक्ती करा. सब उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथेच ठेवा. ओळखीचं बेसवालं गाणं लावा आणि कान जमिनीजवळ ठेवून भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

बसायच्या जागेचंही तेवढंच महत्त्व आहे. सोफा खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर सर्वांत खालचा अनुनाद तिथे नाहीसा होतो आणि कितीही मोठा सब आणला तरी तो खड्डा भरत नाही. पाठ भिंतीला टेकवून सोफा ठेवला तर उलट बेस फुगतो. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे सरकवता आला तर फार फरक पडतो.

८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, त्यामुळे सब टीव्हीजवळच हवा असं काही नाही. बाजूच्या भिंतीला खुशाल ठेवा. पण टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात मात्र कोंबू नका. कप्पाच वाजायला लागतो.

७. एक मोठा घ्यावा की दोन छोटे?

एकटे बसून बघत असाल तर एक मोठा. पाच माणसं एल आकाराच्या सोफ्यावर बसत असतील तर दोन. दुसऱ्या सबचा मुख्य फायदा आवाजात नसून तो सगळ्या जागांवर सारखा होण्यात आहे. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी सबची संख्या आणि जागा यांवर सविस्तर संशोधन केलं. त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सब ही साधी मांडणी फार चांगली ठरली.

दोन्ही सब एकाच मॉडेलचे घ्या. एक सील्ड आणि एक पोर्टेड अशी जोडी लावली तर ट्यूनिंगच्या आसपास त्यांचा फेज (प्रश्न १०) जुळत नाही आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

८. क्रॉसओव्हर किती ठेवू? सबवरही नॉब आहे, रिसीव्हरमध्येही सेटिंग आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबकडे जाणार ती सीमा. ती दोन्हीकडे लावू नका, एकावर एक दोन फिल्टर बसतात. सबवरचा नॉब शेवटपर्यंत फिरवा किंवा 'एलएफई' वर ठेवा आणि काम रिसीव्हरवर सोपवा. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा म्हणजे त्यांचा बेस सबकडे जाईल, हो, टॉवरसुद्धा. सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० पर्यंत न्यावं लागतं. मग मात्र सब टीव्हीजवळच ठेवा, कारण एवढ्या वर गेल्यावर दिशा कळू लागते.

'एलएफई + मेन' हा पर्याय आकर्षक वाटतो, पण तोच बेस दोन जागांहून वाजतो आणि गोंधळ वाढतो. बंद ठेवा.

९. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हरने माइकने आपोआप केलेली मोजणी) केलं, तरी बेस कमी वाटतो. शिवाय सबचं अंतर रिसीव्हर भलतंच दाखवतो.

अंतराला हात लावू नका. सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर फुटांत धरतो. आठ फुटांवरचा सब चौदा फुटांवर दाखवला तर ते बरोबरच आहे.

पातळी मात्र बघा. कॅलिब्रेशननंतर रिसीव्हरने सबची पातळी उणे १२ वर, म्हणजे तळाला नेली असेल तर सबवरचा गेन फार जास्त आहे. तो कमी करून पुन्हा मोजणी घ्या. उणे ३ ते उणे ६ च्या आसपास आली की ठीक.

तरीही बेस कमी वाटणं स्वाभाविक आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज कमी असताना आपला कान खालचे सूर जास्त गमावतो. सिनेमाचं मिक्सिंग थिएटरच्या आवाजाला धरून होतं, आपण घरी त्याच्या कितीतरी खाली ऐकतो. सबची पातळी ३-४ डेसिबलने वाढवा, बिनधास्त. 'डायनॅमिक ईक्यू' किंवा तत्सम सोय असेल तर ती हेच काम आपोआप करते.

१०. फेजचा नॉब कशासाठी?

क्रॉसओव्हरच्या आसपास सब आणि मुख्य स्पीकर एकाच वेळी ढकलताहेत की एकमेकांविरुद्ध, ते जुळवण्यासाठी. ८० हर्ट्झचा टोन लावा, कोणाला तरी ० आणि १८० असं बदलायला सांगा आणि सोफ्यावर ज्यात आवाज मोठा येईल ते ठेवा.

११. सब लावला की 'घूंऽऽ' असा सतत आवाज येतो. खराब आहे का?

बहुधा नाही. हा ५० किंवा १०० हर्ट्झचा मेन्सचा गुणगुणाट आहे आणि कारण असतं ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. पहिला संशय केबल किंवा डिशच्या कोॲक्सियल वायरवर घ्या. सेट टॉप बॉक्सची ती वायर काढून बघा. आवाज थांबला तर त्या वायरवर आयसोलेटर लावा. नाही थांबला तर सब, रिसीव्हर आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा आणि सबची वायर पॉवर केबलपासून दूर न्या.

तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. आवाज जातो, शॉकची भीती मात्र घरात येते. अजिबात करू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच असा आवाज येत असेल तर तो साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. त्याला साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय.

१२. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात. सबखाली फोमचे पॅड लावले तर थांबेल?

थोडंसं. बेस दोन वाटांनी जातो, बॉक्समधून थेट लादीत आणि हवेतून भिंती-स्लॅबमध्ये. पॅड फक्त पहिली वाट अडवतो. भिंतीवर लावायच्या अंडीच्या ट्रेसारख्या फोमचा तर बेसवर काहीच परिणाम होत नाही.

मोबाइलवर डेसिबल मोजून 'बघा, नियमात आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी पातळी आहे आणि खासगी साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ पेक्षा जास्त असू नये. पण हे मोजमाप 'ए' पद्धतीचं आहे. त्यात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात, ३१.५ ला ३९. मीटर गप्प राहतो आणि काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजतात. म्हणजे तक्रार खरी असते.

काय करता येईल? सब सोफ्याच्या अगदी मागे किंवा शेजारी आणा. कानाजवळ असल्याने तो कमी आवाजात वाजवूनही पुरतो. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा. सर्वांत परिणामकारक उपाय बेस शेकरचा, हे यंत्र सोफ्याच्या सांगाड्याला घट्ट बसवतात. हादरा थेट अंगाला मिळतो, हवेत जवळजवळ काहीच जात नाही. मात्र सोफ्याच्या पायांखाली रबर हवं. आणि एकदा काकूंच्या घरात बसून वर चित्रपट लावायला सांगा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल.

१३. बेस आला की घरात काहीतरी खडखडतं, पण काय ते सापडत नाही.

२० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टोन लावा आणि खोलीत फिरा. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, शोकेसच्या काचा, फॉल्स सीलिंगमधले दिवे आणि स्विचबोर्डची सैल प्लेट. खिडकीच्या फटीत रबराची पट्टी, बाकी ठिकाणी फेल्टचे ठिपके.

१४. जुन्या 'होम थिएटर इन अ बॉक्स'चा सब नव्या रिसीव्हरला चालेल?

सहसा नाही. ते सब पॅसिव्ह असतात, त्यांचा अँप जुन्या डीव्हीडी प्लेयरमध्येच होता. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून फक्त सिग्नल येतो, त्याला ॲक्टिव्ह, म्हणजे स्वतःचा अँप असलेला सब हवा. वेगळा मोनो अँप जोडून पॅसिव्ह सब वाजवता येईल, पण तेवढ्या पैशांचा तो सब नसतो. साउंडबारचा वायरलेस सबही आपल्याच बारशी बोलतो, दुसऱ्याशी नाही. उलट स्टिरिओ अँपला सब आउट नसेल तर स्पीकरच्या वायरी घेणारं हाय-लेव्हल इनपुट असलेला सब घ्या.

१५. भाऊ अमेरिकेतून येतोय. त्याच्याकडून सब मागवू का?

आधी मागच्या पॅनेलचा फोटो मागवा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल किंवा ११५/२३० चा स्विच असेल तर काम सोपं आहे, स्विच मात्र प्लग लावण्याआधी बदला. फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आपली ५० हर्ट्झची वीज ६० साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला जास्त तापवते, हेही लक्षात ठेवा. १२ इंची सब विमानाच्या बॅगेतून आणणं जड पडतं आणि इथे सहसा वॉरंटी मिळत नाही. मी नको म्हणेन.

१६. डीजेकडे असतात तसले १८ इंची बेस घरात लावले तर?

ते मैदानात लांबपर्यंत ऐकू जाण्यासाठी बनवलेले असतात. बहुतेक ३५-४० हर्ट्झच्या खाली वाजतच नाहीत, वर त्यांच्या अँपच्या पंख्याचा आवाज. सिनेमाला लागणारा शेवटचा पट्टा नेमका त्यांच्याकडे नसतो.

१७. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

कोनच्या कडेला फोम असेल तर दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. रबर असलेलाच घ्या. बॉक्स एमडीएफचा असतो आणि लादी पुसताना खालच्या कडेला पाणी लागून तो फुगतो, त्यामुळे रबरी पाय उंच हवेत. पोर्टला जाळीचं कापड बांधायचा मोह टाळा, हवेचा प्रवाह अडतो. पालीची भीती असेल तर सब बंद असताना पोर्टमध्ये स्पंजचा बोळा ठेवा, पण वाजवण्याआधी काढायला विसरू नका. महिनाभर वापर नसेल तरी आठवड्यातून एकदा तासभर चालवा.

१८. सेकंड हँड घेताना काय तपासू?

दोन्ही हातांची बोटं पसरून कोन सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल खराब आहे, तिथूनच परत फिरा. मग ३० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात अर्धा मिनिट लावा. शुद्ध घुमारा यायला हवा, टकटक किंवा खरखर नको. सब निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा, कारण जुन्या सबमध्ये आधी मरतो तो मागचा अँप आणि तो गरम झाल्यावरच रंग दाखवतो. ऑटो-ऑन (सिग्नल आला की सब आपोआप चालू होणं) काम करतं का ते बघा. ते बिघडलं असेल तर किंमत कमी करून घ्या आणि स्विच कायम 'ऑन' वर ठेवा. ड्रायव्हर बदललेला असेल तर मूळ मॉडेलचाच आहे ना, हे विचारा. दुसरा कोणता बसवला असेल तर त्या बॉक्सचं ट्यूनिंगच बदललेलं असतं आणि कंपनीचे कोणतेच आकडे त्याला लागू होत नाहीत.